खाऊची गाडी फलाट क्रमांक तीनवर

१ जून २००७, शुक्रवार

काल निवृत्त झालो. डेपोतल्या लोकांनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. डायरी याच वर्षाची आहे, म्हणजे कोरी असली तरी पाच महिने शिळी. रघू म्हणाला, "साहेब, उरलेल्या सात महिन्यांत लिहा काहीतरी. तोंडाने तर तुम्ही बोलत नाही."

रघू आता भिवंडी स्टँडवर माझ्या जागी वाहतूक नियंत्रक आहे. लोक त्याला कंट्रोलर म्हणतात. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते लिहायचे आणि माईकवरून पुकारायचे. मी ते एकोणतीस वर्षे केले. शेवटचे तीन महिने माईक रघूकडे होता, मी फक्त लिहायचो.

माझी बायको कमळा जाऊन आज एकशे एक दिवस झाले.

संध्याकाळचा चहा ६.१० ला घेतला. नेहमी तेव्हाच घेतो.

११ जून, सोमवार

सकाळी नऊला दारात टेम्पो थांबला. त्यातून चार चटया, दोन पेट्या, एक झोका आणि तिशीतली एक बाई उतरली.

"काका, मी नसीम मोमीन. वर्ग आजपासून आहे ना?"

मी म्हणालो, "हं?"

"आंटी म्हणाल्या होत्या, तुमचं 'हं' म्हणजे होकार." असे म्हणून तिने टेम्पोवाल्याला सामान आत घ्यायला सांगितले.

मग हळूहळू कळले ते असे. कमळा बावीस वर्षे बालवाडीत शिकवायची. काही मुले बोलत नाहीत, हाक मारली तरी बघत नाहीत, एका जागी बसत नाहीत. अशांना बालवाडीतून परत पाठवतात. या मॅडम त्यांना शिकवायचे मुंबईत शिकून आल्या. भिवंडीत जागा मिळेना. जानेवारीत कमळाने मला विचारले म्हणे, "पुढची खोली त्यांना देऊ या का?" मी पेपर वाचत असणार. मी 'हं' म्हणालो असणार.

कमळाने त्यांना आणखी एक सांगून ठेवले होते. "पहिला महिनाभर काही बोलणार नाहीत. घाबरू नकोस." मुलांबद्दलच सांगितले असणार.

१४ जून, गुरुवार

मुले चार, वय तीन ते पाच. भाविक आल्याबरोबर सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावतो, अंगठे भिंतीकडे. काम नीटनेटके करतो. भावेश स्वतःचे काही बोलत नाही, पण टीव्हीवरची साबणाची जाहिरात गाण्यासकट पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. लडकू छताच्या पंख्याकडे बघत राहतो आणि मोठा आवाज झाला की कान झाकतो. चौथी ऋतिका, वय चार वर्षे. ती पळते. दार उघडे दिसले की पळते, कुठे जायचे असते असे नाही. काल पॉवरलूमच्या गल्लीपर्यंत गेली. मागे तिची आई रुचिका, रुचिकाच्या मागे मॅडम, आणि सर्वांत मागे एकाच पायात चप्पल घातलेला मी. दुसरी भाविकने रांगेतून काढू दिली नाही.

याला ऑटिझम म्हणतात. मॅडमनी पालकांना बसवून सांगितले की हा रोग नाही, वेड नाही, आईबापाची चूक तर मुळीच नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. बोलणे जड जाते, समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही, रोजचा क्रम बदलला की जीव घाबरा होतो. मराठीत स्वमग्न असा शब्द आहे.

कमळा हा शब्द माझ्यासाठी वापरायची. अर्थात थट्टेने.

आज गडबडीत चहा ६.२५ ला झाला. नंतर रात्रीपर्यंत बरे वाटले नाही.

१८ जून, सोमवार

आज ऋतिकाबरोबर तिची आजी आली. ठकुबाई, खारबावच्या. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी खोली चारी बाजूंनी पाहिली.

"ही शाळा हाय?"

"वर्ग आहे, आजी," मॅडम म्हणाल्या.

"मंग पाटी कुठं हाय?"

"पाटी नंतर. आधी एका जागी बसायला शिकायचं."

"बसायला शिकवायला मुंबईची बाई लागते? आमच्या म्हशी न शिकवता बसतात."

मॅडम मोठ्याने हसल्या. ठकुबाईंना ते अपेक्षित नव्हते. मग त्यांनी खरे काय ते सांगितले. "मी दसऱ्यापोतूर बघीन. पोर सुधरली तर बरं. न्हायतर मी तिला खारबावला न्हेईन. आमच्या घराला कुंपण हाय, दाराला कडी हाय. पळून पळून जाईल कुठं?"

रुचिका पोरीच्या फ्रॉकची शिवण बोटाने सरळ करत राहिली. तिचा नवरा सागर काल्हेरच्या गोडाऊनमध्ये बारा तास ड्युटी करतो. दिवसभर ती आणि पोर. जाताना तिने मलाच विचारले, का ते माहीत नाही, "काका, कडी लावलेल्या घरात ती काय शिकणार हो?"

मी 'हं' म्हणालो. दिवसभर ते 'हं' चुकले असे वाटत राहिले.

२२ जून, शुक्रवार

मॅडमना रोजच्या कामांच्या क्रमाचा तक्ता हवा होता. आता काय आणि नंतर काय हे डोळ्यांना दिसले की मुले कमी रडतात. मी स्वतःहून म्हणालो, मी करतो. कमळाच्या कपाटात कोऱ्या फळ्या, रंग आणि तीन ब्रश निघाले. जानेवारीतच आणलेले दिसतात. तिला एवढ्या फळ्या कशाला लागत होत्या कोण जाणे. चित्र तर तिला काढता येत नव्हते. अक्षर चांगले होते ते माझे.

असा तक्ता केला: ०९.१० गोल बसणे, फलाट १. ०९.३० हातचे काम, फलाट २. १०.०० खाऊ, फलाट ३. १०.२० झोका, फलाट ४. फलाट म्हणजे चार चटया, त्यांवर आकडे रंगवले. शेवटी उशीर झाल्यास कारण लिहिण्यासाठी 'शेरा' हा रकाना.

मॅडम हसून हसून भिंतीला टेकल्या. "काका, यांना वाचता कुठं येतं!"

हे माझ्या लक्षात आले नव्हते. पण मी म्हणालो, "स्टँडवर रोज शेकडो न वाचता येणारे प्रवासी यायचे. कोणी चुकीच्या गाडीत बसले नाही."

"मग त्यांना कसं कळायचं?"

"गाडीच्या रंगावरून. ड्रायव्हरच्या तोंडावरून. आणि..."

आणि आवाजावरून, असे म्हणणार होतो. म्हणालो नाही.

अक्षरांच्या जागी फोटो चिकटवले. शेऱ्याचा रकाना मात्र मी काढू दिला नाही.

२ जुलै, सोमवार

शेरे: लडकू, ११ मिनिटे उशीर, कारण पंखा. भाविक, वेळेआधी हजर. भावेश, वेळेवर, परंतु जाहिरात संपल्याशिवाय बसला नाही. ऋतिका, मार्ग बदलला, शेजारच्या घराच्या मोरीतून परत आणली.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची एक गोष्ट फार चांगली आहे. तुम्ही बोलत नाही." घरी माणसे मुलाला एका दमात दहा गोष्टी सांगतात. इकडे बघ, बस, हे घे, काय झालं, बोल ना. "मुलाच्या डोक्यात सगळ्या फलाटांवरून एकदम गाड्या सुटतात." हे वाक्य माझे नाही, मॅडमचेच आहे. माझ्या घरात रोज येऊन त्या बिघडत चालल्या आहेत.

न बोलण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळाली. कमळाला सांगायला हवे होते.

मॅडम एका वहीत रोज प्रत्येक मुलाची प्रगती लिहितात. वही उघडी होती म्हणून नजर गेली. पाने पाच आहेत. चार मुलांची, आणि पाचवे नुसते 'के.' असे. त्यावर लिहिले होते: 'के. ने आज सलग दोन वाक्ये सांगितली. खाऊ सगळ्यांबरोबर बसून खाल्ला.' हा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. दुपारच्या वेळी येत असावा.

१२ जुलै, गुरुवार

आज साडेनऊला वीज गेली. पंखा थांबला म्हणून लडकू रडायला लागला, तो रडतो म्हणून भाविकने चपलांची रांग मोडली, रांग मोडली म्हणून तोच रडायला लागला. ऋतिका दाराशी डोके आपटत होती. मॅडम एकट्या आणि मुले चार. दहा वाजले, खाऊची वेळ झाली, पण फोटो दाखवला तरी कोणी बघेना.

माझ्या हातात पाण्याचा रिकामा स्टीलचा पेला होता. मी तो तोंडाला लावला आणि काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खाऊची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. खाऊची गाडी, फलाट क्रमांक तीन." पेल्यातून आवाज अगदी स्टँडवरच्यासारखा निघतो.

सगळे थांबले. भावेशनेही जाहिरात मध्येच सोडली. ऋतिकाने डोके वळवले, सरळ तीन नंबरच्या चटईवर गेली, मांडी घालून बसली आणि हात पुढे केला. तिच्या मागे बाकीचे.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "हे रोज करायचं. पण आवाज थोडा लहान. लडकूचे कान."

मी मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच पुकारले. मग आणखी एक पेला प्यायलो. उकाडा फार आहे.

६ ऑगस्ट, सोमवार

आता तिकिटे सुरू झाली. पाण्याच्या तिकिटावर पेल्याचा फोटो, झोक्याच्या तिकिटावर झोक्याचा. मुलाने तिकीट आणून हातात दिले की ती वस्तू त्याच क्षणी द्यायची. नंतर, थांब, आधी नाव सांग, असले काही नाही. मॅडमचा हा नियम फार कडक आहे. मागितले की मिळते, एवढे एकदा कळले की मूल मागायला शिकते, असे त्या म्हणतात.

रघूने डेपोच्या भंगारातून कंडक्टरचा जुना चिमटा आणून दिला, तिकिटाला भोक पाडायचा. मी प्रत्येक तिकीट टोचून घेतो. कटक. ऋतिकाला तो आवाज इतका आवडला की आज तिने पाण्याची नऊ तिकिटे दिली. नियमाप्रमाणे नऊ पेले पाणी द्यावे लागले. पुढचे काय झाले ते शेऱ्यात लिहिले आहे.

२० ऑगस्ट, सोमवार

गेल्या आठवड्यात भिंतीवर दारापर्यंत दोरी बांधली आणि टोकाला घंटी, एस.टी.त असते तशी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मुलांपेक्षा मोठ्यांनीच जास्त वाजवली. सागर एका संध्याकाळी रुचिकाला न्यायला आला होता, त्यानेही दोनदा वाजवून पाहिली.

आज ठकुबाई ऋतिकाच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत होत्या. पोरीला डोक्याला हात लावलेला सहन होत नाही. एरवी ती किंचाळते, चावते. आज ती आजीच्या हातून सुटली, दोरीपाशी गेली आणि एकदा ओढली. टिंग.

रुचिकाने तोंडावर हात ठेवला.

"आजी, थांबा," मॅडम म्हणाल्या. "ती थांब म्हणाली."

"अर्धी येनी ऱ्हायलीय!"

"राहू दे."

"आता घंटी वाजवून आजीला थांबवनार! उद्या सासूला बी थांबवील!" ठकुबाई चिडल्या होत्या, पण फणी त्यांनी खाली ठेवली. दिवसभर ऋतिका एका बाजूला वेणी आणि एका बाजूला मोकळे केस अशी हिंडली. जाताना ठकुबाई दोरीपाशी रेंगाळल्या. कोणी बघत नाही असे पाहून त्यांनी एकदा ओढून पाहिली.

२६ सप्टेंबर, बुधवार

मॅडमचे रोजे चालू आहेत. ऋतिका आज त्यांना पाण्याचे तिकीट द्यायला गेली. स्वतःसाठी नव्हे, मॅडमनीच प्यावे म्हणून. मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि मला म्हणाल्या, "हे संध्याकाळी, मगरीबनंतर रोजा सुटला की वापरीन. टोचू नका."

वहीत: 'के. ने आज रस्त्यातून जाताना आपणहून हाक मारली.' हा के. चांगला सुधारतो आहे. अजूनही दिसला नाही.

८ ऑक्टोबर, सोमवार

दसरा तेरा दिवसांवर आला. ठकुबाईंनी आज विषय काढला.

"पोर बोलली का एक तरी शबूद? आई म्हणाली?"

"बसते. मागते. थांब म्हणते. पळणं निम्म्यावर आलं," मॅडम म्हणाल्या.

"निम्मं पळाली तरी पळाली ना? सोन्यासारखी सून माजी, वाळून काटकी झालीय. पोरीला मी न्हेते म्हणजे हिला तरी झोप मिळंल."

मला वाटत होते की ठकुबाई रुचिकाला त्रास देतात. तसे नाही असे आज दिसले. त्यामुळे गोष्ट जास्तच अवघड झाली. रविवारी त्या ऋतिकाला वज्रेश्वरीला नेणार आहेत, देवीची ओटी भरायला आणि गरम कुंडात आंघोळ घालायला. मॅडमनी तिकिटाएवढा देवळाचा फोटो करून दिला, म्हणजे पोर बिचकणार नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज ईद. सकाळीच मॅडमकडून शीरखुर्मा आला. डब्यावर चिठ्ठी होती, 'ईद मुबारक. काकांनी आराम करणे.' शीरखुर्मा खात असताना फोन वाजला. रघू होता.

"साहेब, तुमच्या वर्गातली पोर स्टँडवर हरवली. वज्रेश्वरीच्या गाडीला ही गर्दी. आजीच्या हातातून सुटली. मी तीनदा नाव पुकारलं."

नाव पुकारून ती कधीच आलेली नाही. मी 'हं' म्हणालो आणि फोन ठेवल्या ठेवल्या निघालो. वाटी तशीच राहिली.

३१ मेनंतर स्टँडवर पाऊल टाकले नव्हते. नवरात्राची गर्दी आणि ईदची गर्दी एकात एक मिसळली होती. रुचिका एकेका गाडीत चढून सीटखाली वाकून बघत होती. ठकुबाई ओटीची पिशवी छातीशी धरून फलाटावर उभ्या होत्या. वाड्याची, कल्याणची, ठाण्याची, सगळ्या गाड्या निघायच्या बेतात. एखादीत ती बसून गेली तर कुठे उतरेल, कोणाला काय सांगेल?

रघूने माईक माझ्यापुढे केला. केबिनमधल्या घड्याळात अकरा वीस झाले होते. समोर फलाट तीनवर वज्रेश्वरीची गाडी. मी माईक धरून उभा राहिलो.

"साहेब, बोला ना!"

मग बोललो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खाऊची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. खाऊची गाडी, फलाट क्रमांक तीन." नियमाप्रमाणे दोनदा.

बाहेर गोंधळ उडाला. एक म्हातारे गृहस्थ खिडकीत आले. "हे खाऊ कुठं आलं?" दुसऱ्याने त्यांना सांगितले, "वाड्याच्या पुढं असंल." एका बाईने विचारले, गाडी अंबाडीला थांबते का. दहा-बारा माणसे पिशव्या घेऊन तीन नंबरवर धावली.

मी पुन्हा पुकारले. तेव्हा वाड्याच्या गाडीच्या पुढच्या दारातून ऋतिका उतरली. कानांवर हात, डोळे जमिनीवर. माणसांच्या पायांमधून वाट काढत ती तीन नंबरवर आली, फरशीवर मांडी घालून बसली आणि हात पुढे केला.

रुचिका धावत आली, पण तिच्या हातात काही नव्हते. मी केबिनमधून धावलो, माझ्याही खिशात काही नव्हते. आणि नियम तर त्याच क्षणी देण्याचा आहे. ठकुबाईंनी पिशवीत हात घातला. देवीच्या नैवेद्याचा पुडा काढला, दोरा दातांनी तोडला आणि एक पेढा पोरीच्या तळहातावर ठेवला.

"आई, तो देवीचा..." रुचिका म्हणाली.

"देवी समजून घेईल. पोरीची गाडी आलीय."

ऋतिकाने पेढा खाल्ला आणि दुसरा हात पुढे केला.

'खाऊ'चे प्रवासी अर्धा तास माझ्याकडे रागाने बघत होते.

१५ ऑक्टोबर, सोमवार

लिहायचे नव्हते, पण लिहितो. २० फेब्रुवारीला अकरा वीसला केबिनमधला फोन वाजला. शेजारच्या गुणाबाई होत्या. कमळा पडली, लवकर या. मी म्हणालो, "हं, आलो." तेवढ्यात वज्रेश्वरीची गाडी फलाटावर येत होती. मी आधी ती पुकारली. दोनदा पुकारायची असते म्हणून दोनदा. मग निघालो.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही शेजारी बसून असतात तरी काही करता आले नसते. पण मी त्यांना गाडीचे सांगितले नव्हते. कोणालाच सांगितले नाही.

काल त्याच जागेवरून, त्याच वेळी, त्याच आवाजात पुकारले आणि एक पोर सापडली. या दोन गोष्टी एका तक्त्यात कशा मांडायच्या ते कळत नाही. शेरा कोरा ठेवतो.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

वाटले होते की रविवारनंतर ठकुबाई बेत बदलतील. उलट पक्का केला. "हात सोडला आन् गेली. स्टँडवर एकदा घावली, रोज घावंल का? दसऱ्याच्या दिशी न्हेते." त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "न्यायचीच असेल तर तिला आधी कळलं पाहिजे. काका, खारबावचं तिकीट करा." सागरने आजीच्या घराचा फोटो आणला. कुंपण, दार, कडी, सगळे त्यात आले आहे. मी तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. आजवरचे सर्वांत वाईट चिकटवलेले तिकीट.

२१ ऑक्टोबर, रविवार. दसरा

ठकुबाई नऊला आल्या, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्यात आपट्याची पाने. सागरला सुटी होती, तोही आला. मॅडम रविवार असून आल्या. रुचिका मान वर करत नव्हती. तक्त्यावर खाऊनंतर मी खारबावचे तिकीट लावले. खारबावची गाडी मी हजारो वेळा पुकारली असेल. आज पेला हातात घेतला आणि खाली ठेवला.

ठकुबाईंनी सगळ्यांना पाने वाटली. "सोनं घ्या." मॅडमना दोन दिली. ऋतिकालाही एक दिले. तिने ते उलटसुलट पाहिले, माझ्याकडे आली आणि माझ्या हातात ठेवले. मग वाट पाहत उभी राहिली.

तिकीट दिले की त्याच क्षणी द्यायचे. पण या तिकिटावर फोटो नव्हता.

"पाणी असेल," सागर म्हणाला. "झोका," मॅडम म्हणाल्या. "पेढा," ठकुबाई म्हणाल्या आणि पिशवी चाचपू लागल्या. ऋतिकाने सगळ्यांना झटकून माझा हात धरला आणि माझ्याच खिशावर नेऊन ठेवला. खिशात चिमटा होता. मी पान टोचले. कटक. ती खदखदून हसली. मग खोलीतले सगळे सोने गोळा करून आणले आणि एकेक माझ्याकडून टोचून घेतले. मॅडमचेही, ठकुबाईंच्या पदरातलेही.

खाऊ झाला. ठकुबाई उठल्या, तक्त्यावरचे तिकीट काढून त्यांनी पोरीपुढे धरले. "चल ग माजे बाय. खारबावला."

ऋतिकाने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दोरीपाशी गेली आणि एकदा ओढली. टिंग.

"अगं, आजीच्या घरी. म्हशी हायेत."

टिंग.

"दोनच दिस."

टिंग. या वेळी दोरी तिने सोडलीच नाही.

सागर म्हणाला, "आई, ती थांब म्हणतेय."

"मी बहिरी हाय काय? ऐकलं मी." ठकुबाई कपड्यांच्या पिशवीवरच बसल्या. मग त्यांनी मला विचारले, "कंट्रोलर, कंडक्टरनं थांबायची घंटी दिली आन् डायवरनं गाडी पुढं न्हेली, तर काय व्हतं?"

"मेमो मिळतो," मी म्हणालो.

"मंग न्हाय न्हेत." त्यांनी तिकीट रुचिकाच्या हातात दिले. "मीच येते इकडं ऱ्हायला. म्हशी दिराकडं देते. सकाळी पोर मी सांभाळीन, तू झोप." आणि मग मॅडमना म्हणाल्या, "आई म्हणाली न्हाय अजून. पर 'न्हाय' म्हणाया शिकली. आमच्या घरात बायकांना त्याला चाळीस वर्सं लागली."

रुचिका आधी हसली आणि मग रडली. की उलट, ते माझ्या लक्षात नाही. मी चटया गोळा करत होतो.

जाताना मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या, "के. चं पान आज बंद केलं, काका. आता गरज नाही." वाईट वाटले. तो मुलगा शेवटपर्यंत वर्गात आला नाही. पत्ता मिळाला असता तर मी जाऊन घेऊन आलो असतो.

संध्याकाळी टोचलेले एक पान कमळाच्या फोटोपुढे ठेवले. 'हं' म्हणालो. मग पुढेही बोललो. वज्रेश्वरीच्या गाडीचे सांगितले. बाकी येथे लिहीत नाही.

चहा ६.४० ला. अर्धा तास उशीर. कारण: बोलणे.